एका ना हरकत पत्रासाठी पाच महिने

माझ्या नाटकाचे शंभरावर प्रयोग झाले, तेव्हाच ठरवलं होतं की यावर सिनेमा करायचा आणि दिग्दर्शनही आपणच करायचं. पटकथा तीन महिन्यांत हातावेगळी झाली. पटकथेच्या एका पानाला पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा हिशेब. नाटकातला अकरा पानांचा भांडणाचा प्रवेश दीड पानात मावला. रंगमंचावर जे बोलून दाखवावं लागतं, ते इथे बंद दाराच्या एका शॉटमध्ये कळतं. निर्माताही मिळाला. अडलं ते एका कागदापाशी.

निर्मात्याच्या वकिलांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "चित्रपटाचे हक्क कुणाकडे आहेत?" म्हटलं, माझ्याकडेच, लिहिलंय मी. त्यांनी करार मागितला. नाट्यसंस्थेशी नऊ वर्षांपूर्वी केलेला एकपानी करार, घडीवर शाई उडालेली, आणि मधोमध दोन शब्द: 'सर्व हक्क'. खाली माझी सही. पहिलं नाटक उभं राहतंय या आनंदात मी ती केली होती.

मग संस्थेच्या कार्यालयात खेटे सुरू झाले. आधी म्हणाले, अर्ज द्या. दिला. दोन आठवड्यांनी कळलं, अर्ज लेटरहेडवर हवा. मी एकटा लेखक, लेटरहेड कुठून आणू? मग साहेब दौऱ्यावर. मग फाइल सापडेना. ज्या संस्थेच्या प्रयोगांना मी विंगेत उभा राहून रात्री काढल्या, तिथे मला बाहेरच्या बाकावर दोन-दोन तास बसवून ठेवलं. तो राग अजून गेलेला नाही. तिकडे कलाकारांच्या तारखा हातच्या जात होत्या आणि निर्मात्याचे फोन कमी होत चालले होते.

(अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्याच. पहिल्या वेळी मी घेतली नाही, आणि नंतर "तुमचा अर्जच आलेला नाही" हेही ऐकून घ्यावं लागलं.)

गाठ सुटली ती कायद्यानं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ सांगतं की करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची धरायची. माझ्या करारात मुदत नव्हतीच! म्हणजे हक्क चार वर्षांपूर्वीच माझ्याकडे परत आले होते. वकिलांनी तसं पत्र धाडलं आणि आठव्या दिवशी ना हरकत पत्र हातात पडलं. दोन ओळींचं. जिन्यातच उभा राहून मी ते तीनदा वाचलं.

नवीन नाटककारांना कळकळीनं सांगतो, करारात फक्त प्रयोगाचे हक्क द्या, आणि मुदत व प्रदेश लिहूनच घ्या.

पुढचं शूटिंग, एडिटिंग सुरळीत पार पडलं. सेन्सॉरचा क्रम मात्र आपल्या सवयीच्या उलटा आहे. नाटकाची संहिता प्रयोगाआधीच परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, सिनेमा पूर्ण झाल्यावर दाखवायचा असतो. तेवढा वेळ हाताशी ठेवा.

आणि हो, नाटकातलं गाणं सिनेमात घेणार असाल तर गीतकार आणि संगीतकाराची परवानगी वेगळी लागते. मला हे थेट मिक्सिंगच्या वेळी आठवलं. दोघांनाही फोन केला, दोघांनीही त्याच संध्याकाळी सही करून दिली.