टॉकग्रुप गप्प का झाला? पी२५ नोंदवही, टप्पा ३

सेटअप मागच्या टप्प्यांतलाच आहे: आरटीएल-एसडीआर व्ही३ चे तीन डोंगल (छोटे यूएसबी रेडिओ रिसीव्हर), कॉल नोंदवणारं ट्रंक-रेकॉर्डर हे सॉफ्टवेअर आणि ७०० मेगाहर्ट्झची पी२५ फेज २ सायमलकास्ट (अनेक टॉवर, एकच सिग्नल) प्रणाली. पी२५ म्हणजे पोलीस-फायरच्या डिजिटल रेडिओचं मानक, फेज २ ही त्याची नवी आवृत्ती. सॅन होजेच्या आसपास राहणाऱ्यांना सांता क्लारा काउंटीत हेच चित्र दिसेल. या टप्प्यात नवीन हार्डवेअर नाही. ऐकू येणं बंद झालेले टॉकग्रुप (एकेका विभागाचे बोलण्याचे गट) खरंच एन्क्रिप्ट झाले, म्हणजे किल्लीशिवाय ऐकता येऊ नयेत असे झाकले गेले आहेत का, एवढंच तपासायचं आहे.

कारण आता काहीही गप्प झालं की सगळे एन्क्रिप्शनवर बोट ठेवतात. त्याला आधारही आहे. डेन्व्हर पोलिसांचा रेडिओ २०१९ मध्ये झाकला गेला. शिकागोत २०२२ अखेरपर्यंत बहुतेक झोन झाकले गेले आणि जनतेसाठी ३० मिनिटं उशिराचा आवाज उरला. न्यू यॉर्क पोलिसांनी जुलै २०२३ मध्ये ब्रुकलिनपासून सुरुवात केली. कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये लोकांची नावं, लायसन्स नंबर वगैरे उघड्या चॅनलवर जाऊ नयेत असं परिपत्रक काढलं आणि पालो आल्टोने जानेवारी २०२१ मध्ये सगळंच एन्क्रिप्ट केलं. परिपत्रकात मात्र दोन वाटा होत्या: चॅनल झाका, किंवा ती माहिती उघड्या चॅनलवर बोलू नका. २०२२ मध्ये पालो आल्टो दुसऱ्या वाटेवर परत आलं. म्हणजे झाकलेला टॉकग्रुप पुन्हा उघडू शकतो, आणि यादीतली एन्क्रिप्शनची खूण कायमची धरून चालत नाही.

आधी कंट्रोल चॅनल

कंट्रोल चॅनल, म्हणजे कोणता कॉल कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे हे सांगणारा चॅनल, नीट वाचला जात नसेल तर पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही. पी२५ मध्ये सेकंदाला साधारण ४० संदेश येतात. ट्रंक-रेकॉर्डरच्या लॉगमधला आकडा ३५ च्या वर स्थिर असेल तर पुढे जा. २० च्या आसपास हेलकावत असेल तर टॉकग्रुप गप्प नाहीत, तुम्हीच बहिरे आहात.

आकडा कमी असण्याचं पहिलं कारण गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतो ते. सिग्नल कमकुवत वाटला की हात आपसूक ४९.६ डेसिबलकडे जातो आणि ७०० च्या पट्ट्यात तिथेच घात होतो. पोलीस-फायरचा डाउनलिंक (टॉवरकडून येणारा सिग्नल) ७६९ ते ७७५ मेगाहर्ट्झ, आणि त्याच्या खाली लगेच ७५८ ते ७६८ मध्ये फर्स्टनेट या आपत्कालीन सेवांच्या मोबाइल नेटवर्कचा एलटीई. मध्ये फक्त १ मेगाहर्ट्झची मोकळी जागा. जवळच्या मोबाइल टॉवरने डोंगलचा ट्यूनर दाबला जातो आणि गेन वाढवला की सिग्नलपेक्षा गाळच जास्त वाढतो. इतक्या अरुंद फटीत बसणारा स्वस्त फिल्टर मिळत नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालण्याआधी गेन कमी करून पाहा. ऑटो गेन बंद करा, २५ डेसिबलपासून सुरू करा, एकेक पायरी वर जा आणि संदेशांचा आकडा जिथे सर्वाधिक आहे तिथे थांबा.

दुसरं कारण पीपीएम, म्हणजे डोंगलची फ्रिक्वेन्सी दशलक्षात किती भागांनी हुकते तो आकडा. ७७० मेगाहर्ट्झवर १ पीपीएम म्हणजे ७७० हर्ट्झ. व्ही३ मध्ये टीसीएक्सओ (तापमानाने कमी ढळणारं घड्याळ) असल्यामुळे चूक छोटी राहते. जुना निळा किंवा काळा स्वस्त डोंगल ५० पीपीएमने हुकला तर ३८.५ किलोहर्ट्झ, म्हणजे १२.५ किलोहर्ट्झचे तीन चॅनल बाजूला. थंड डोंगलवर मोजू नका, २० मिनिटं तापू द्या.

तीन डोंगलचे मध्यबिंदू ७७०, ७७२ आणि ७७४ मेगाहर्ट्झ, सॅम्पल रेट सेकंदाला २४ लाख, म्हणजे प्रत्येक डोंगल २.४ मेगाहर्ट्झ ऐकतो. शेजारच्या दोन डोंगलमध्ये ०.४ मेगाहर्ट्झ सामायिक राहतो आणि कडेचा कमजोर भाग झाकला जातो. प्रत्येक डोंगलला वेगळा सिरियल नंबर लिहून द्या. नाही तर रीबूटनंतर क्रम बदलतो, एकाचं पीपीएम दुसऱ्याला लागतं आणि अर्धे टॉकग्रुप 'एन्क्रिप्ट' होतात. रास्पबेरी पाय ४ वर यूएसबीला एकूण १.२ अँपिअर मिळतात आणि तीन डोंगल त्यातले ०.८ च्या वर खातात. हार्ड डिस्कही लावायची असेल तर स्वतंत्र वीज असलेला हब घ्या.

गुळण्या आणि तुटका रोबो

एन्क्रिप्टेड आवाज म्यूट न करता ऐकला तर पाण्याने गुळण्या केल्यासारखा येतो: सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, मध्ये एकही ओळखीचा शब्द नाही. सायमलकास्टने मोडलेला आवाज वेगळा. अर्धा शब्द स्वच्छ, मग धातूसारखी किरकिर, मग पुन्हा शब्द. कानाला फरक कळतो, पण कानावर विसंबू नका. एन्क्रिप्शन सिंक, म्हणजे आवाजासोबत एन्क्रिप्शनची माहिती वाहणारा भाग, त्यातला अल्गोरिदम आयडी पाहा.

हेक्स ८० म्हणजे उघडा आवाज, ८४ म्हणजे एईएस-२५६, ८१ म्हणजे डीईएस, एए म्हणजे ४० बिटचा एडीपी (तिन्ही एन्क्रिप्शनच्या पद्धती). सोबत १६ बिटचा की आयडी (कोणती किल्ली वापरली त्याचा क्रमांक) असतो. एकाच कॉलमध्ये प्रत्येक वेळी ८४ आणि तोच की आयडी येत असेल तर तो खरोखर एन्क्रिप्टेड. एकदा ८४, मग ३एफ, मग ८०, मग भलताच की आयडी असं दिसलं तर ते एन्क्रिप्शन नाही, रिसेप्शनच्या चुका आहेत. फेज १ मध्ये टॉकग्रुप नंबर वाहणाऱ्या भागात ६ बिघडलेली चिन्हं दुरुस्त होऊ शकतात, एन्क्रिप्शन सिंकमध्ये फक्त ४. म्हणून टॉकग्रुप बरोबर दिसतो आणि एन्क्रिप्शन खोटं दिसतं. स्कॅनर बिचारा प्रामाणिकपणे म्यूट करतो आणि लोक नगर परिषदेला पत्रं लिहितात.

फेज १ मध्ये ही माहिती कॉलच्या अगदी सुरुवातीला येते आणि मग दर ३६० मिलिसेकंदांनी. रिसीव्हर कॉलच्या मध्यात पोहोचला तर पुढची खूण येईपर्यंत तो गप्प राहतो. पहिला शब्द कापला जाणं हा दोष नाही.

सायमलकास्टचं मूळ असं: अनेक टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर, जीपीएसच्या घड्याळाने, तोच सिग्नल पाठवतात. फेज १ चं एक चिन्ह २०८ मायक्रोसेकंदांचं. एक टॉवर तुमच्यापासून १५ किलोमीटर जास्त लांब असेल तर त्याचा सिग्नल ५० मायक्रोसेकंद उशिरा येतो, म्हणजे पाव चिन्ह. फेज २ मध्ये चिन्ह १६७ मायक्रोसेकंदांचं, तिथे सवलत आणखी कमी.

उपाय उलटा आहे: सिग्नल वाढवू नका, टॉवर कमी करा. छपरावरची उंच अँटेना इथे तोट्याची, ती चार टॉवर एकाच वेळी ऐकते. तीन ते पाच एलिमेंटची यागी (एकाच दिशेने ऐकणारी अँटेना) एका टॉवरकडे रोखा, किंवा ९.५ सेंटीमीटरची पाव-तरंग अँटेना खिडकीत इमारतीच्या आडोशाला लावा. अँटेना १० सेंटीमीटर सरकवूनही चित्र पालटतं, कारण ७७२ मेगाहर्ट्झवर अर्धी तरंगलांबी १९.४ सेंटीमीटर आहे. ट्रंक-रेकॉर्डरमध्ये मॉड्युलेशन क्यूपीएसके ठेवा. तयार स्कॅनर हवा असेल तर युनिडेन एसडीएस१०० किंवा २००. आधीचे बहुतेक स्कॅनर सायमलकास्टसाठी बनवलेलेच नव्हते.

आणखी दोन खोटे संशयित. बीसीडी३९६एक्सटीसारखा फेज १ चा स्कॅनर फेज २ चा कॉल उघडूच शकत नाही. फेज २ मधलं टीडीएमए (एका चॅनलवर दोन कॉल आलटून पालटून) म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. आणि त्या साइटवर (टॉवर किंवा टॉवरच्या गटावर) त्या टॉकग्रुपचा एकही रेडिओ नोंदलेला नसेल तर कॉल तिथे येतच नाही. शेजारची साइट ऐकून पाहा.

रेकॉर्डर वाचवणं

खरोखर एन्क्रिप्टेड असलेले टॉकग्रुप रेकॉर्डर अडवून बसतात. कॉलच्या पहिल्या ग्रँट (कॉलला चॅनल दिल्याच्या) संदेशात एन्क्रिप्शनचा बिट असतो आणि सॉफ्टवेअर तो कॉल सोडून देतं. पण चालू कॉलसाठी येणाऱ्या अपडेट संदेशाच्या नेहमीच्या रूपात तो बिट नसतो, त्यामुळे पहिला संदेश हुकला की रेकॉर्डर फुकट गुंततो. टॉकग्रुपच्या सीएसव्ही यादीत मोडच्या रकान्यात 'डीई' (डिजिटल, एन्क्रिप्टेड), टीडीएमए असेल तर 'टीई' लिहिलं की हा प्रश्न मिटतो. कधी उघडा, कधी झाकलेला असा मिश्र टॉकग्रुप मात्र साधा 'डी' किंवा 'टी'च ठेवा, नाही तर उघडे कॉलही जातील. महिन्यातून एकदा खुणा काढून एक दिवस सगळं चालू द्या, पालो आल्टोसारखं काही उघडलं असेल तर कळेल.

८ किलोहर्ट्झ, १६ बिटची वेव्ह फाइल तासाला ५७.६ मेगाबाइट घेते. फायर, ॲम्ब्युलन्स आणि सार्वजनिक बांधकाम उघडे असतील तर तेवढ्यानेही डिस्क भरते. एन्क्रिप्टेड कॉलचा आवाज गेला तरी कोणता युनिट नंबर कोणत्या टॉकग्रुपवर किती वाजता आला हे कंट्रोल चॅनलवर दिसतंच. लिंक लेयर एन्क्रिप्शन (कंट्रोल चॅनलचे संदेशही झाकणारी पद्धत) जिथे बसेल तिथे तेही झाकलं जाईल.

एन्क्रिप्शनची किल्ली शोधण्याचे प्रश्न इथे नकोत. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यात सर्वांना सहज मिळणारा पोलीस रेडिओ ऐकायला मुभा आहे, एन्क्रिप्टेड आवाज त्यात बसत नाही. गाडीत स्कॅनर ठेवण्यावर काही राज्यांत बंदी आहे, आपल्या राज्याचा नियम पाहून घ्या. भारतात पोलिसांचा वायरलेस ऐकायला परवानगीच नाही, तेव्हा पुण्या-नाशकात हा सेटअप लावू नका.

पुढच्या टप्प्यात यागी दोन टॉवरवर आलटून पालटून रोखून दोन्हीकडच्या चुकांचा दर आठवडाभर मोजायचा आहे.