पुढची बकेट घरची, मागची भाड्याची

आमची पुरंदर तालुक्यातली जमीन सातबाऱ्यावर अकरा एकर आहे. त्यातले दोन एकर डोंगरउताराचे, कुसळांशिवाय काही न उगवणारे असल्यामुळे प्रत्यक्षात ती नऊच एकर म्हणावी लागते. चार एकरांत अंजीर, तीन एकरांत सीताफळ आणि उरलेल्या दोनांत घरापुरती ज्वारी, थोडा वाटाणा व जनावरांसाठी घास असतो. वीस वर्षे वापरलेल्या ३५ एचपीच्या ट्रॅक्टरने गेल्या पावसाळ्यात मान टाकली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा नवीन घेण्याला घरात कोणाचाच विरोध उरला नाही. वाद सुरू झाला तो काय घ्यायचे यावर. धाकट्या भावाचे मत ठरलेले होते : "दादा, घ्यायचाच आहे तर एकदाच पुरता घेऊ. पुढे माल उचलून भरायचा लोडर, मागे खोदायची बकेट. जेसीबीवाल्याच्या दारात जाणं कायमचं बंद."

त्याचे दुखणे खरे होते. अंजिराचा मीठा बहर धरायचा म्हणजे पावसाळा संपता संपता छाटणी करून लगेच खते भरावी लागतात, आणि नेमक्या त्या पंधरवड्यात गावातल्या सगळ्यांनाच जेसीबी हवा असतो. दोन तासांचे काम असले तरी चार दिवस वाट पाहायची, तो आला की ट्रॉलीवाला हजर नसायचा, आणि ओल्या रानात तेवढे वजनदार यंत्र शिरले की बागेच्या कडेला पडलेली चाकोरी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मोडत नसे. तरीही निर्णयापूर्वी मी मागच्या दोन वर्षांच्या पावत्या आणि वहीतल्या नोंदी काढून बसलो. दोन वर्षांत आम्ही जेसीबी एकूण ६१ तास लावला होता. त्यातले २७ तास शेणखत, गाळ आणि मुरूम ट्रॉलीत भरण्याचे किंवा पसरण्याचे. १९ तास ठिबकच्या मुख्य पाइपलाइनचे चर खोदण्याचे. आणि १५ तास नव्या तुकड्यातले दगड उपटून बांध घालण्याचे. म्हणजे यंत्राच्या पुढच्या बकेटीचे काम निम्म्याच्या जरासे आत, आणि मागच्या बकेटीचे निम्म्याहून थोडे अधिक. या आकड्यांवरून भाऊ जिंकला असेच मलाही वाटले होते.

नंतर आम्ही दोघांनी ट्रॅक्टरला बसवलेली तशी यंत्रे प्रत्यक्ष पाहायला सुरुवात केली, आणि तिथून हिशेब फिरला. ट्रॅक्टरला मोटारट्रकसारखी वेगळी चासी नसते, ही गोष्ट वीस वर्षे ट्रॅक्टर चालवूनही मी कधी नीट लक्षात घेतली नव्हती. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात आणि तेच बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग ट्रॅक्टरचा कणा असतात. नांगर ओढण्याचा ताण त्यांना सोसतो, कारण त्यांची घडणच त्यासाठी असते; पण मागून खोदणारा हात दगडात अडकून हिसका देतो, तेव्हा बसणारा धक्का निराळ्या दिशेचा असतो. म्हणून खोदायची बकेट नुसत्या तीन-बिंदू जोडणीवर, म्हणजे नांगर लावतो त्याच दांड्यांवर, लटकवणे धोक्याचे आहे. हिसका उलट्या दिशेने बसला तर ती जोडणी वर उचलली जाऊन चालकाच्या पाठीवर येऊ शकते, आणि तसे घडले नाही तरी अॅक्सल हाउसिंगला तडा जाण्याची भीती राहतेच. दौंडकडच्या एका शेतकऱ्याकडे आम्ही स्थानिक कारखान्यात बनवलेली लोडरची जोडणी पाहिली. तिचे खांब थेट क्लच हाउसिंगच्या बोल्टांवर उभे केले होते आणि दुसऱ्याच हंगामात ते बीड चिरले होते. वेल्डिंग करून काम चालू होते, पण त्या वेल्डिंगकडे पाहून माझा भाऊ बराच वेळ काही बोलला नाही.

यावर उपाय म्हणजे सबफ्रेम : पुढच्या अॅक्सलच्या आधारापासून मागच्या अॅक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी जाणारी जाड पोलादी चौकट, जी लोडरचा आणि मागच्या हाताचा सगळा ताण स्वतःवर घेते. चांगल्या जोडणीत ती असतेच. अडचण अशी की, आमच्याकडे मिळणाऱ्या ज्या जोडण्यांत पुढे-मागे दोन्ही बकेट असतात, त्यांतली मागची बकेट बहुधा कायमची बसवलेली असते. तिचा पंप पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चालतो, तिची तेलाची टाकी वेगळी असते, आणि ती असेपर्यंत मागे रोटाव्हेटर, पलटी नांगर वा फवारणीचा ब्लोअर लावता येत नाही. विक्रेता म्हणाला, "दोन तासांत उतरते." त्याच्याकडे क्रेन होती आणि चार माणसे होती. आमच्याकडे साखळीचा चेनपुली आहे आणि मी आहे. म्हणजे नऊ एकरांसाठी एक ट्रॅक्टर घ्यायचा आणि त्याचा अर्धा जेसीबी करून टाकायचा, मग नांगरटीसाठी पुन्हा दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने बोलवायचा, असा तो व्यवहार होता.

शिवाय खोदण्याची ताकद ही केवळ हायड्रॉलिकची नसते, ती यंत्राच्या वजनाचीही असते. गावात येणारा जेसीबी साडेसात टनांच्या आसपास भरतो. पाय रोवून त्याने दगडाखाली दात घातले की दगड उठतो. सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरला जोडणी लावून तो तीन-साडेतीन टनांपर्यंत गेला, तरी आमच्या रानात फूटभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ आहे; तिथे दगड न उठता ट्रॅक्टरच उठतो. एका ठिकाणी आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. अमेरिकेत राहणारा माझा मावसभाऊ त्याच्या छोट्या कुबोटा ट्रॅक्टरचे फार कौतुक करतो, आणि तिथे ते योग्यही असेल. बीएक्स २३ एस हे त्याचे मॉडेल कारखान्यातूनच पुढच्या-मागच्या बकेटसह येते, सुमारे सहा फूट खोदते आणि मागचा हात एकट्या माणसाला काढता येतो. पण त्याच्या पाच एकरांत गवत, मऊ माती आणि कुंपणाचे खांब आहेत. सह्याद्रीच्या कातळाशी त्याचा कधी संबंध आलेला नाही.

मागची बकेट अशी बाद झाल्यावर पुढच्या बकेटीचा विचार उरला, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण लोडर लावताना बहुतेक लोक फक्त एचपी विचारतात. समजा, पुढच्या चाकांच्या मध्यापासून १.८ मीटर पुढे असलेल्या बकेटीत ५०० किलो माल आहे आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर दोन मीटर आहे. तराजूच्या नियमाने मागच्या चाकांवरचे ४५० किलो वजन उचलले जाते आणि पुढच्या अॅक्सलवर ५०० नव्हे, तर ९५० किलो वाढतात. लोडरच्या हातांचे स्वतःचे वजन आणखी वेगळे. ब्रेक लागतात मागच्या चाकांना, पकड असते मागच्या चाकांची, आणि तीच चाके हलकी होतात. टू-व्हील ड्राइव्हचा पुढचा अॅक्सल प्रामुख्याने वळवण्यासाठी असतो. रोज एवढा भार त्याने सोसावा ही अपेक्षाच चूक आहे. फोर-व्हील ड्राइव्हचा पुढचा अॅक्सल जाडजूड असतो, टायर रुंद असतात आणि मागची चाके हलकी झाली तरी पुढची ओढतात. लोडर घ्यायचा असेल तर फोर-व्हील ड्राइव्ह ही चैन समजू नये, हे माझे ठाम मत झाले आहे.

बकेटीचा आकारही मोठा तो चांगला असे नसते. ०.४ घनमीटरच्या बकेटीत शेणखत साधारण ३०० किलो बसते, पण तीच बकेट ओल्या मातीने भरली की वजन दुपटीच्या पुढे जाते. माणूस बकेट पाहून भरतो, वजन पाहून भरत नाही.

हायड्रॉलिकचा हिशेब विक्रेत्याने सांगितला नाही, तो आम्ही घरी केला. लोडर उचलणाऱ्या दोन सिलिंडरांचा आतला व्यास ६५ मिलिमीटर आणि दांड्याची चाल ६०० मिलिमीटर धरली, तर बकेट पूर्ण वर न्यायला सुमारे चार लिटर तेल लागते. पंप मिनिटाला २० लिटर देत असेल तर बारा सेकंद, ४० लिटर देत असेल तर सहा. आणि हे इंजिन पुऱ्या वेगात असताना, जे भरणी करताना कोणी ठेवत नाही. एका ट्रॉलीला वीस-पंचवीस खेपा धरल्या तर हा फरक जाणवतो. तितकाच जाणवतो गिअरचा फरक. भरणी म्हणजे पुढे-मागे, पुढे-मागे एवढेच काम असते, त्यामुळे शटलचा, म्हणजे पुढे-मागे दिशा बदलण्याचा, वेगळा दांडा आणि पॉवर स्टिअरिंग नसेल तर संध्याकाळपर्यंत चालकाचा डावा गुडघा आणि क्लचप्लेट, दोघेही सारखेच कुरकुरतात.

एचपीच्या बाबतीत आम्ही ५०च्या आत राहिलो, त्याला एक व्यावहारिक कारण होते. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे इंजिन येते आणि किंमतही वाढते. ते वाईट नाही, पण आमच्या मेस्त्रीला अजून पाना आणि कान यांवरच दोष शोधता येतो. जाहिरातीतली एचपी इंजिनची असते, पीटीओवर त्याहून कमी मिळते. ती नेमकी किती आणि हायड्रॉलिक उचल किती, हे मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्र सरकारच्या चाचणी संस्थेच्या अहवालांत छापलेले असते. ट्रॅक्टर घेणाऱ्याने शोरूमच्या रंगीत पत्रकाआधी ते अहवाल वाचावेत.

आणखी एक आमिष आम्हाला दाखवले गेले : लोडर असला की मुरूम विकून हप्ते फिटतात. स्वतःच्या रानातला असला तरी मुरूम हे गौण खनिज आहे आणि परवानगीशिवाय तो काढून विकला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंडही होतो आणि यंत्र-वाहनही जप्त होते. हप्ते अंजिरानेच फिटायला हवेत. ट्रॅक्टरला अशी जोडणी लावण्याआधी नोंदणी आणि विम्याची बाजूही लेखी विचारून घ्यावी, कारण वाहनात परस्पर बदल करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची मर्यादा आहे. आम्ही विचारले, आणि उत्तर कागदावर मिळेपर्यंत अनामत रक्कम दिली नाही.

शेवटी ५० एचपीच्या आतला फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर, शटल, आणि सबफ्रेमसह फक्त पुढचा लोडर, असे घेतले. मागच्या टायरांत पाऊण भागापर्यंत पाणी भरले, आणि तीन-बिंदू जोडणीवर अडकवायला २०० लिटरच्या पिंपात काँक्रीट ओतून समतोलाचे वजन बनवले. ते ४८० किलोच्या आसपास भरते. तेवढ्यासाठी रोटाव्हेटर मागे ठेवूनही चालते, पण गोठ्यासमोर वळताना तो भिंतीला लागतो. जेसीबीचे २७ तासांचे काम आमच्या लहान बकेटीला जवळजवळ सत्तर तास घेणार, हे आम्हाला ठाऊक आहे. मात्र ते तास आमच्या सोयीचे असतील, आणि या ऑक्टोबरात बहराचे शेणखत छाटणीनंतर चौथ्या दिवशी भरून झाले होते.

चरांचा प्रश्न राहिला होता. जेसीबीची नेहमीची बकेट अडीच फूट रुंद चर पाडते, आम्हाला पाइपापुरता फूटभर पुरतो, आणि जास्तीची माती उकरायला व बुजवायला आम्ही दर वेळी पैसे मोजत होतो. भावाने गावातल्या जेसीबीवाल्याशी बोलून त्याच्या यंत्राला बसणारी एक फूट रुंदीची बकेट मागवली. निम्मे पैसे त्याचे, निम्मे आमचे. ती आमच्या गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली असते, आणि वस्तीवर कोणाकडे पाइपलाइनचे काम निघाले की जेसीबीवाला आधी आमच्याकडे येऊन ती घेऊन जातो.