पाच जणी, एक कोटी माणसं

माझे वडील सातारा जिल्हा परिषदेत कारकून होते. परवा फोनवर त्यांना म्हटलं, "अण्णा, आमच्या लॉस एंजेलिस काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, एक कोटी लोक आणि कारभारी मंडळाचे सदस्य फक्त पाच." ते हसले. "पाच? आमच्याकडे पाच माणसं नुसती चहाला जमायची!"

१९१२च्या सनदेपासून हा आकडा पाचच आहे. एकेका सुपरवायझरच्या, म्हणजे सदस्याच्या, वाट्याला वीस लाख माणसं. पूर्वी त्यांना 'पाच छोटे राजे' म्हणत. आता पाचही जणी बायका आहेत. कायदे त्याच करायचे, कारभारही त्यांनीच हाकायचा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सनद बदलणारा 'मेझर जी' हा प्रस्ताव लोकांच्या मतदानात जेमतेम मंजूर झाला. सदस्य पाचाचे नऊ, २०२८ पासून थेट निवडून दिलेला मुख्य कार्यकारी. म्हणजे अण्णांच्या भाषेत, सीईओच मतपेटीतून! या पाचांतल्याच जॅनिस हान आणि लिंडसी होर्वाथ यांनी हे रेटलं. कॅथरिन बार्गर आणि हॉली मिचेल या दुसऱ्या दोघींचा विरोध होता. अभ्यास नाही, घाई चाललीय, असं त्या म्हणत होत्या. मी बाजूने मत दिलं. वीस लाखांत माझी गटाराची तक्रार कोण ऐकणार?

मग जुलै २०२५ मध्ये कळलं की मेझर जीच्या मसुद्यामुळे २०२०चं 'मेझर जे'च चुकून रद्द होणार. तुरुंगाला पर्याय आणि वस्त्यांसाठी निधीची हमी देणारं कलम! कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

अण्णा म्हणाले, "टिपणी कुणी वाचली नव्हती का?"

आता बोला.