फॉर्मवरचं 'वैयक्तिक कारण'

मी एचआरमध्ये काम करते. राजीनाम्याच्या फॉर्मवर 'वैयक्तिक कारण' वाचलं की आजही पोटात तुटतं. परवा एकीने तेच लिहिलं. पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग हळूच म्हणाली, "चूक दाखवली की सगळ्यांसमोर झापतात. म्हणून दाखवणंच सोडलं." अशीच एक न दाखवलेली चूक पुढे ग्राहकाला सापडली होती.

संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या टीममध्येच चुकांची नोंद जास्त निघाली. कारण तिथली माणसं चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होती, असा त्यांचा निष्कर्ष.

माणसं टिकायला पगारवाढ, बोनस लागतातच, त्यावर वाद नाही. पण या मुलीला कोणी नीट ऐकून घ्यायला हवं होतं. सोमवारी तिच्या मॅनेजरशी बोलणार आहे.