खापर कोणत्या वावरातलं? पुरातत्त्वाचं एम.ए. पूर्ण करताना

चौथ्या सत्राच्या फेब्रुवारीत ज्यांचा प्रकल्प अडकतो, त्यांच्याकडे खापरं भरपूर असतात. पोतं भरून असतात. पण पिशवीवरचं लेबल घामानं पुसलेलं असतं आणि वहीत फक्त "गावाच्या पश्चिमेला, नाल्याजवळ" एवढंच लिहिलेलं असतं. अशा पोत्यावर एक पानही लिहिता येत नाही. म्हणून पदवीच्या अटींबद्दल सांगताना आधी अटी आणि मग लगेच वावर, असा क्रम घेतो आहे.

२०२३ पासून राज्यात लागू झालेल्या पदव्युत्तर आराखड्यात दोन वर्षांचे मिळून ८८ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. पहिल्या वर्षी संशोधन पद्धतीचा पेपर ४ श्रेयांकांचा आणि क्षेत्रकार्य किंवा कार्यप्रशिक्षण ४ श्रेयांकांचं. दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प, तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६. विद्यापीठानुसार आणि स्वायत्त महाविद्यालयानुसार यात थोडाफार फरक पडतो, त्यामुळे प्रवेश झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या विभागाची नियमपुस्तिका मागून घ्या. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला साधारण ३० तास धरतात. म्हणजे ४ श्रेयांकांचं क्षेत्रकार्य १२० तासांचं. रोज सहा तास धरले तरी वीस दिवस झाले, आणि हे वीस दिवस वर्षात कधी मिळतात ते विद्यापीठाचं वेळापत्रक ठरवत नाही, पीक ठरवतं. त्याबद्दल पुढे.

भाषेची अट अनेक जण हलक्यात घेतात. ग्रीस-रोमचं पुरातत्त्व शिकणाऱ्याला ग्रीक आणि लॅटिन तर लागतेच, शिवाय जुने उत्खनन अहवाल वाचण्यासाठी जर्मन आणि फ्रेंच किंवा इटालियन वाचता यावी लागते. आपल्याकडे त्या जागी संस्कृत, प्राकृत आणि ब्राह्मी आहेत. विदर्भात काम करणाऱ्याची गाठ वाकाटक राजघराण्याशी पडतेच, आणि त्यांचे ताम्रपट बहुतांशी पेटिकाशीर्षक ब्राह्मीत आहेत, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकट. पहिल्यांदा पाहिलं की सगळी अक्षरं सारखीच वाटतात. वा. वि. मिराशी यांनी १९६३ साली संपादित केलेला वाकाटक लेखांचा खंड ग्रंथालयात मिळतो. त्यातलं छायाचित्र समोर ठेवून, खालचं वाचन झाकून, रोज पाच ओळी स्वतः उतरवायच्या आणि मग ताडून पाहायच्या. दोन महिन्यांत हात बसतो. या वाचनाचा फायदा नुसत्या पेपरापुरता नाही. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताचा एक ताम्रपट पुण्यात मिळाला, पण तो दिला गेला नंदिवर्धनातून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनातून. वस्तू सापडलेली जागा आणि ती निघालेली जागा वेगळी असू शकते, हे एका ताम्रपटावरून कायमचं लक्षात राहतं.

विषय निवडताना छोटा घ्या, अगदी छोटा. "विदर्भातील महापाषाणीय संस्कृती" हा दोन सत्रांचा विषय नाही, तो आयुष्याचा आहे. एखाद्या नाल्याच्या दोन्ही काठांवरची दहा-बारा गावं, किंवा एका तालुक्यातली शिळावर्तुळं, म्हणजे मोठे दगड गोल मांडून केलेली दफनं, किंवा एकाच पांढरीवरची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरची खापरं, एवढं पुरे. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा, पवनी, कौंडिण्यपूर, अडम, भोन या सगळ्या ठिकाणचे अहवाल किंवा लेख छापलेले आहेत. आपला विषय यांपैकी एखाद्या उत्खनित स्थळाच्या पंधरा-वीस किलोमीटरच्या आत ठेवला, तर तुलनेला थरवार खापरं आयती मिळतात. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. तिथल्या आसपासच्या गावांत लोहमळी, म्हणजे लोखंड गाळून उरलेला मळ, सापडली, तर ती कशाशी जोडायची हे आधीच ठाऊक असतं.

गावात जाण्याआधी टेबलावरचं काम दोन आठवड्यांचं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा वार्षिक आढावा वर्षवार चाळायचा, जिल्हा गॅझेटियर पाहायचं, १:५०,००० चा नकाशा आणि भूमी अभिलेखातून गावनकाशा काढायचा. गावनकाशात "रीठ" असा उल्लेख असलेल्या मौजांवर खूण करा. रीठ म्हणजे उजाड गाव, आणि उजाड गाव म्हणजे जवळपास हमखास जुनी वस्ती. त्यानंतर गावात गेल्यावर पांढर विचारा. काळी म्हणजे शेती आणि पांढरी म्हणजे वस्ती, हा फरक म्हाताऱ्या कास्तकाराला कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगला कळतो. राख, शेण आणि विरघळलेल्या मातीच्या भिंती साचून ती माती पांढुरकी होते. भिंती सारवायला आणि वावरात टाकायला लोक हीच माती नेतात, त्यामुळे टेकाडाचा जो भाग खणून नेलेला दिसतो तिथे थर उघडे असतात. तिथे काही खणू नका, फक्त उघड्या कडेचं मोजमाप घ्या, फोटो काढा.

आता पीक. कपाशी असलेल्या वावरात जानेवारीपर्यंत पाय ठेवता येत नाही, आणि फरदड, म्हणजे दुसऱ्या बहरासाठी राखलेली कपाशी, ठेवली असेल तर मार्चपर्यंत नाही. तूर जानेवारीत निघते, हरभरा आणि गहू फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) उपटून नांगरटी झाल्यावर, मार्च ते मे, जमीन मोकळी मिळते. तेव्हा ऊन असतं, म्हणून काम सकाळी ६ ते १०. मृगाचा पहिला सरवा पडून गेला की धुतलेली खापरं मातीवर चमकतात. ते आठ-दहा दिवस वर्षातले सगळ्यात मोलाचे, पण पेरणीही तेव्हाच असते, म्हणून वावरधन्याला आधी विचारून ठेवा. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत कापणीनंतर लगेच जाता येतं, फक्त तिथली खापरं दरवर्षीच्या चिखलणीत इकडची तिकडे झालेली असतात हे ध्यानात ठेवायचं.

चालायची पद्धत साधी आहे. पाच जण, एकमेकांत १० मीटर अंतर, एका दिशेनं सरळ. जमीन किती दिसते याची टक्केवारी प्रत्येक वावरासाठी लिहा, कारण गवतानं झाकलेल्या वावरात खापर दिसलं नाही म्हणजे तिथे खापर नाही असं होत नाही. जिथे दाटी वाढते तिथे १० × १० मीटरचा चौकोन आखून सगळी खापरं मोजा. काठ, बूड आणि नक्षीचे तुकडेच तेवढे उचला, बाकीची तिथेच राहू द्या.

इथे दोन फसवणुका ठरलेल्या आहेत. पहिली कवेलूची, म्हणजे छपराच्या कौलाची. जुन्या घराच्या कवेलूचे तुकडे, माठाचे तुकडे आणि प्राचीन तांबडी खापरं एकाच वावरात पडलेली असतात. कवेलूचा बाक सगळीकडे एकसारखा असतो आणि त्याला काठाची घडण नसते, हे एकदा हातात घेऊन पाहिलं की पुढे चूक होत नाही. दुसरी उकिरड्याची. गावातलं शेणखत पिढ्यान्‌पिढ्या वावरात जातं, त्याबरोबर फुटकी भांडीही जातात. म्हणून प्रत्येक चौकोनात दोन-तीन घासलेले तुकडे सारखेच मिळत असतील, तर ती वस्ती नसते, ते खत असतं. वस्तीच्या जागी आकडा एकदम चढतो आणि तुकड्यांच्या कडा धारदार असतात.

आणखी एक गोष्ट काळ्या मातीची. ती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते. भेगेतून वरचं खापर, मणी, अगदी कालचा प्लॅस्टिकचा तुकडाही खोल जातो. त्यामुळे काळ्या मातीतल्या नाल्याच्या कडेला एखादी वस्तू दीड मीटर खोल दिसली म्हणून ती तेवढी जुनी ठरत नाही. कोळशाचंही तसंच. पऱ्हाटी आणि धसकटं जाळल्याचा कोळसा सगळ्या वावरांत असतो, पृष्ठभागावरचा कोळसा कालमापनासाठी अजिबात घेऊ नका.

लेबलबद्दल मात्र हट्ट धरा. प्रत्येक पिशवीला दोन लेबलं, एक बाहेर पक्क्या मार्करनं, एक आत पेन्सिलनं. बॉलपेनची शाई ओलाव्यानं फुटते, पेन्सिल टिकते. आतला कागद ओल्या खापराला चिकटून कुजतो, म्हणून तो छोट्या झिप पिशवीत घालून मग मोठ्या पिशवीत टाका. लेबलावर मौजा, तालुका, गट नंबर, चौकोनाचा क्रमांक, तारीख, उचलणाऱ्याची आद्याक्षरं आणि अक्षांश-रेखांश. मोबाइलचं जीपीएस मोकळ्या वावरात तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर येतं, आपल्याला तेवढं पुरतं. जुन्या नकाशावरून वाचलेले आकडे आणि मोबाइलचे आकडे मात्र मिसळू नका. दोघांचा पाया वेगळा आहे, जागा सरकते. आणि पिशवी बांधल्याशिवाय पुढच्या चौकोनात पाऊल टाकायचं नाही. "संध्याकाळी लिहू" म्हणून ठेवलेल्या चार पिशव्यांपैकी कोणती कुठली, हे संध्याकाळी कुणालाच सांगता येत नाही.

शिळावर्तुळ घेतलं असेल तर ३० मीटरची टेप, होकायंत्र आणि धीर लागतो. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन व्यास, समोरासमोरच्या दगडांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. दगड मोजा, हललेले आणि नाहीसे झालेले दगड आराखड्यात तुटक रेषेनं दाखवा. धुऱ्यावर (वावराच्या बांधावर) गेलेला दगड वर्तुळातलाच होता का, हे त्याच्या आकारावरून आणि कास्तकाराला विचारून ठरवता येतं. नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांतल्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. असे खळगे दुपारी दिसतही नाहीत. सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात, तिरप्या उजेडात फोटो घ्या. खडूनं रंगवू नका, दगडाला ते चांगलं नाही आणि तुमचा अंदाज फोटोत कायमचा घुसतो.

खापरं धुताना मऊ दातब्रश, साधं पाणी, सावलीत वाळवण. रंगीत नक्षीचा तुकडा आधी कोपऱ्यात ओल्या बोटानं तपासा. लोखंड आणि हाड धुऊ नका. क्रमांक आतल्या बाजूला, फुटलेल्या कडेपासून दूर. आधी पारदर्शक नेलपॉलिशचा थर, त्यावर काळ्या शाईनं क्रमांक, वर पुन्हा एक थर.

चित्र काढणं हे विद्यार्थ्यांना सगळ्यात अवघड जातं, खरं तर ते सरावाचं काम आहे. कागदावर एकेक सेंटिमीटरनं वाढत जाणारी समकेंद्री अर्धवर्तुळं काढा. काठाचा तुकडा उलटा धरून टेबलावर टेका आणि पुढेमागे झुलवा. काठ आणि टेबल यांच्यामधून उजेड दिसेनासा झाला की तो भांड्याचा खरा कल. त्याच स्थितीत अर्धवर्तुळांवर सरकवून कोणत्या रेषेशी काठ जुळतो ते पाहा, तीच त्रिज्या. काठ पूर्ण वर्तुळाच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर व्यास लिहू नका, तो आकडा चार-पाच सेंटिमीटरनं सहज चुकतो. आकार घ्यायला कंगव्यासारखं प्रोफाइल गेज, जाडीला कॅलिपर. गेजच्या स्टीलच्या सुया कच्च्या भाजणीच्या खापरावर ओरखडे पाडतात, प्लॅस्टिकचं घ्या. मधली रेघ आखून डावीकडे छेद आणि उजवीकडे बाहेरची बाजू, सगळं मूळ आकारात. खाली प्रमाण आकड्यात न लिहिता पट्टीच काढा, कारण छपाईत चित्र लहान झालं की "१:१" खोटं ठरतं, पट्टी चित्राबरोबर लहान होते.

ओळख पटवताना काळ्या-तांबड्या खापरांनी भले भले फसतात. आतून आणि काठाशी काळं, बाकी बाहेरून तांबडं, हे भांडं भट्टीत पालथं ठेवून भाजल्यानं होतं. विदर्भात शिळावर्तुळांत ते भरपूर मिळतं, म्हणून ते दिसलं की लोहयुग लिहून मोकळे होतात. पण तेच तंत्र ताम्रपाषाणयुगातही होतं आणि प्रारंभिक ऐतिहासिक थरांतही आहे. काठाची घडण, मातीतला अभ्रक, सोबत काय मिळालं, यावर काळ ठरवा. चुलीवरची काजळी बसलेलं भांडंही काळं-तांबडं दिसतं, पण काजळी फक्त बाहेरून असते आणि फुटलेल्या कडेत उतरत नाही.

कायद्याचं थोडक्यात, पण नीट. उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून संस्थेला मिळतो, विद्यार्थ्याला नाही. त्यामुळे हातभर खड्डाही स्वतःच्या मनानं घेऊ नका, आणि सर्वेक्षणही आपल्या विद्यापीठातल्या विभागाच्या पत्रानंच करा. संरक्षित स्थळाच्या हद्दीतून खापरही उचलायचं नाही. नाणी, मूर्ती, ताम्रपट दिसले तर जागेवर फोटो, नोंद, आणि मार्गदर्शकांमार्फत कळवणं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या १० रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. गावात गेल्यावर पोलीस पाटलांना पत्र दाखवून ठेवा. धन शोधणारे समजून लोक अडवतात, आणि त्यांचं तसं वाटणं चुकीचं नाही, कारण तसे लोक खरोखर येऊन गेलेले असतात.

लेखनाला शेवटचे दोन महिने हवेत. आधी तक्ते आणि चित्रं पूर्ण करा, मग प्रकरणं. उलट केलं की पन्नास पानं भूगोल आणि इतिहासात जातात, आणि तीच पानं दुसऱ्यांच्या ग्रंथांतून उतरलेली असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या लेखनाशी साधर्म्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, १० ते ४० टक्के निघालं तर सुधारून पुन्हा सादर करायला सहा महिन्यांपर्यंतची मुदत देतात. मराठीत लिहिलं की साधर्म्य तपासणाऱ्या यंत्राला कळत नाही हा समज सोडा, परीक्षकाला कळतं.

तोंडी परीक्षेत बहुधा तुमच्याच पेटीतलं एखादं खापर पुढे ठेवून विचारतात, हे कुठलं? क्रमांक वाचायचा, नोंदवही उघडायची, चौकोन आणि गट नंबर सांगायचा, नकाशावर बोट ठेवायचं. परीक्षा झाल्यावर खापरं घरी नेऊ नका. पेट्यांवर तेच क्रमांक घालून, नोंदवहीच्या प्रतीसह विभागाच्या संग्रहात जमा करा, आणि जमा केल्याची सही प्रकल्पाच्या परिशिष्टात लावा.