पॉइंट तेरा

ग्रंथालयाचा तास हा शाळेच्या वेळापत्रकातला आश्रित. कुणी शिक्षक रजेवर गेले की त्यांचा वर्ग माझ्याकडे, आणि परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताकडे. त्यामुळे "यंदा तुमचेही धडे ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर टाका," असं मुख्याध्यापकांनी सांगितलं तेव्हा मला आधी आनंदच झाला. आपलेही धडे असतात हे कुणाच्या तरी लक्षात होतं! धास्ती घरी गेल्यावर वाटली.

तसे हे प्लॅटफॉर्म काही कालपरवाचे नाहीत. मूडल २००२ पासून आहे, गूगल क्लासरूम २०१४ पासून. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा बाकीचे विषय पडद्यावर गेले आणि ग्रंथालयाला कुलूप लागलं. म्हणजे सगळे पोहून, अंग पुसून बाहेर आल्यावर मी पाण्यात पाय बुडवत होते.

पहिला आठवडा पासवर्डमध्ये गेला. मुलं रोज विसरायची. शेवटी मी एक शंभरपानी वही घेतली, पट्टीने रकाने आखले आणि अनुक्रमांक घातले. कागद वाचावा म्हणून आलेल्या व्यवस्थेची कागदी नोंदवही तयार झाली. असं करू नये म्हणतात. म्हणून ती मी कुलपात ठेवते.

मग चाचण्या. पुस्तकाच्या सुरुवातीला प्रकरणांची यादी असते तिला काय म्हणतात, हा माझा पहिला प्रश्न. एका मुलाने 'अनुक्रमणीका' लिहिलं. णी दीर्घ. यंत्राने शून्य दिलं. दुसऱ्याने बरोबर लिहून शेवटी एक रिकामी जागा सोडली, त्यालाही शून्य. तिसऱ्याने 'सूची' लिहिलं, जी पुस्तकाच्या शेवटी असते, म्हणजे खरी चूक एवढीच. पण तिन्ही शून्यं एकाच लाल रंगात. ती सगळी उत्तरं मी हाताने तपासली आणि यंत्रापेक्षा आपण बरे, असं स्वतःला सांगून घेतलं.

ही घमेंड पुढच्याच चाचणीत उतरली.

पुस्तकं फळीवर कोणत्या क्रमाने लावायची, हा धडा मी कैक वर्षं शिकवते आहे. मेल्विल ड्यूई या अमेरिकन माणसाने १८७६ मध्ये ज्ञानाचे दहा वर्ग पाडले. पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीत वर्गांक, म्हणजे विषयाचा आकडा असतो, तो त्याच पद्धतीतून येतो. मुलांना मांडणीसमोर उभं करून मी सांगते, "हे आधी, हे नंतर. कळलं?" सगळ्या माना डोलतात. परत आलेली पुस्तकं मुलांनीच जागेवर ठेवायची, असा माझा नियम. तरी पुस्तकं भलतीकडे सापडतात. त्याला मी खोडसाळपणा म्हणत आले, धांदरटपणा म्हणत आले, एकदा पालकसभेतही म्हणाले.

आता तोच धडा प्लॅटफॉर्मवर टाकला आणि खाली चार वर्गांक दिले. विमान ६२९.१३, मोटारी ६२९.२, अंतराळयान ६२९.४, यंत्रमानव ६२९.८९२. क्रम लावा. खरं तर दिलेत तसेच ठेवायचे होते, फक्त चाचणीत ते उलटसुलट येत होते.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर निकालाच्या पट्ट्या दिसल्या. बरोबर उत्तराची पट्टी नखाएवढी. बाकी जवळजवळ सगळा वर्ग एकाच चुकीच्या उत्तरावर एकवटला होता: मोटारी, अंतराळयान, विमान, यंत्रमानव. खोडसाळपणा असा ओळीत उभा राहत नाही.

गणिताच्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, "अहो बाई, पॉइंटनंतरचं तुम्ही वाचता कसं?"

"पॉइंट तेरा."

"झालं तर मग. तेरा चारापेक्षा मोठेच की!"

मी गप्प. इतकी वर्षं मांडणीसमोर उभी राहून मीच खणखणीत आवाजात 'पॉइंट तेरा' म्हणत होते. 'एक, तीन' असं सुटं कधी म्हटलंच नाही. ग्रंथालयशास्त्रातले आमचे मोठे नाव रंगनाथन. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्याआधी ते गणित शिकवत, हे मी सरांना ऐकवलं. त्यांनी १९३३ मध्ये स्वतःची वर्गीकरण पद्धत काढली आणि तिचं नाव कोलन, म्हणजे दोन टिंबांचं चिन्ह (:), हेही सांगितलं. सर म्हणाले, "बघा, गणित शिकवलेला माणूस. पॉइंटच्या वाटेला गेला नाही."

नवा धडा शब्दकोशापासून सुरू केला. 'गवत' तीन अक्षरी, 'घर' दोन अक्षरी, तरी गवत आधी येतं, कारण ग आधी. आपण पहिलं अक्षर बघतो, शब्दाची लांबी मोजत नाही. तसंच पॉइंटनंतर पहिला आकडा बघा: एक, दोन, चार, आठ. चाचणी पुन्हा ठेवली. पट्टी वाढली. पूर्ण नाही, पण बरीच.

त्या प्लॅटफॉर्मवर फक्त शिक्षकालाच दिसेल असा मजकूर लिहायची सोय आहे. रात्री उशिरा तिथे एक ओळ आली. ग्रंथालयात वर्षभर तोंडातून शब्द न काढणारी मुलगी.

"बाई, मागच्या महिन्यात विमानाचं पुस्तक हरवलं म्हणून तुम्ही मला रागावलात. मी ते परत आणलं होतं. मीच फळीवर ठेवलं होतं."

सकाळी प्रार्थनेच्या आधी ग्रंथालय उघडलं. ६२९.१३ च्या जागी ते नव्हतंच, तिथे मी दहादा पाहिलं होतं. अंतराळयानांच्या पुढे सरकले. एक जाडजूड पुस्तक, त्याच्या पलीकडे यंत्रमानव, आणि दोघांच्या मध्ये दबलेली एक पातळ निळी पाठ.

नोंदवहीत त्या पुस्तकापुढे लाल शाईने 'गहाळ' लिहिलं होतं, माझंच अक्षर. ते खोडलं. मग संगणक लावला, तिच्या ओळीखाली 'सापडलं' लिहिलं, पुसलं, 'तू बरोबर होतीस' लिहिलं, तेही पुसलं. बरोबर तर ती नव्हतीच, ६२९.४ च्या पुढे ठेवलं होतं तिने. शेवटी लिहिलं, "तू ठेवलं होतंस तिथेच आहे. चुकीचं मी शिकवलं होतं."

तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं. मधल्या सुट्टीत आली, ते पुस्तक उचललं आणि 'एक, तीन' असं पुटपुटत डावीकडे गेली.