आमची वाटचाल : जळालेली तुळई आणि आमचं लॉज

आमच्या लॉजचं एक जुनं रजिस्टर काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. चारही कडांचा कोळसा झालाय, मधली पानं मात्र स्वच्छ वाचता येतात. बंद जाड वहीच्या पानांत हवा शिरत नाही, म्हणून ती वाचली. बाकी सगळे कागद आगीच्या रात्री गेले.

आजोबांनी जुनं घर घेऊन सहा खोल्यांवर सुरुवात केली. वडिलांनी वरचा मजला चढवला. सागवानी तुळया, लाकडी जिना, खोल्यांना तक्तपोशी, म्हणजे छताखाली लाकडी फळ्यांचं आच्छादन. लोक त्या लाकडासाठी मुद्दाम उतरायचे. माझ्या हाती कारभार आल्यावर मी एसी बसवले, दर्शनी भाग रंगवला, पण तक्तपोशीवरचं वायरिंग वडिलांच्या वेळचंच राहू दिलं. ही चूक माझी.

एक सैल जोड तापत राहिला. आग तक्तपोशीवरच्या पोकळीतून आडवी पसरली. धुराचा वास खाली आला तोवर तीन खोल्यांच्या डोक्यावर पोचली होती. रात्रपाळीच्या मुलाने दारं ठोठावली, किल्ल्यांच्या फळ्यावरून माणसं मोजली. सगळे सुखरूप बाहेर आले. थोड्याच वेळात जिना कोसळला.

"पाडा आणि स्लॅब टाका," जो तो म्हणत होता. सुतारमामांनी मात्र एका काळ्या तुळईवर लाकूड तासायचा वाकस चालवला. बोटभर कोळसा निघाला आणि खाली पिवळसर, घट्ट साग! कठीण लाकूड मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटरच जळत आत जातं. वरचा कोळसाच गाभ्याला आच लागू देत नाही. मी नंतर बसवलेले लोखंडी अँगल मात्र पार वाकले होते.

त्याच दिवसांत लंडनच्या सदर्क भागातल्या जुन्या सरायांबद्दल वाचलं. १६७६ च्या आगीत जॉर्ज आणि शेजारची टॅबर्ड, दोन्ही जळाल्या. दोन्ही पुन्हा बांधल्या गेल्या. टॅबर्ड पुढे १९ व्या शतकात पाडली. जॉर्जची एक बाजू आजही उभी आहे. माझा निर्णय तिथे झाला.

इंजिनिअरने तपासून दिलेल्या तुळया ठेवल्या. पोकळीत प्रत्येक खोलीगणिक आग अडवणारे पडदे घातले, तक्तपोशीच्या वरही धुराचे सेन्सर लावले, बाहेरून दुसरा जिना काढला. खोली नंबर चारमधली तुळई वाकसाच्या खुणांसकट उघडी ठेवलीय. रात्रपाळीचा तो मुलगा आता आमचा मॅनेजर आहे, आणि फळ्यावरच्या किल्ल्या रोज रात्री अजूनही तोच मोजतो.